गाडी आपली, शिडी दुसऱ्याची



गेल्या अंकात हिवाळी टायरबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले, पण त्यातले तीन फोन टायरचे नव्हतेच. सिंडेलफिंगेनच्या एका गृहस्थांनी घर रंगवायला काढलं आणि रंगाऱ्याची अॅल्युमिनियमची शिडी वाऱ्याने सरकून यांच्या गाडीच्या टपावर पडली. हेरेनबेर्गच्या एका ताईंच्या बिल्डिंगमध्ये गवत कापायला माणूस येतो, त्याच्या यंत्राखालून उडालेला खडा गाडीच्या मागच्या काचेत बसला. तिसरे आपल्या बॉबलिंगेनचेच. घर बदलताना चार मित्र मदतीला आले, वॉशिंग मशीन उतरवताना निसटलं आणि गाडीच्या दाराला हा एवढा पोचा. तिघांच्या गोष्टी वेगळ्या, पण शेवटचं वाक्य जवळजवळ एकच. "जाऊ दे झालं. बिचाऱ्याच्या पगारातून कापून घेतील, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?"

हे ऐकलं की मला कौतुकही वाटतं आणि रागही येतो. कौतुक यासाठी की इतकी वर्षं परदेशात राहूनही समोरच्या कामगाराचं पोट आपल्याला आधी आठवतं. राग यासाठी की आपली ही दया त्या कामगारापर्यंत पोचतच नाही. जर्मनीत नोकरीवरच्या माणसाच्या हातून काम करताना काही मोडलं, तर त्यातलं त्याने स्वतः किती सोसायचं, याचा हिशोब कामगार न्यायालयांनी केव्हाच घालून दिलेला आहे. संघीय कामगार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २७ सप्टेंबर १९९४ रोजी तो नियम नोकरीतल्या सगळ्या कामांना लागू केला. किरकोळ निष्काळजीपणा असेल तर कामगाराने काही द्यायचं नाही. मधला असेल तर परिस्थिती पाहून मालक आणि कामगारात वाटणी. मुद्दाम केलं किंवा अगदीच बेदरकारपणे वागला, तर मात्र साधारणपणे सगळं त्याच्या अंगावर. शिडी सरकणं, हात निसटणं ही प्रकरणं बहुधा पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकारात बसतात. शिवाय धंद्याचा जो जबाबदारीचा विमा फर्मने घेतलेला असतो, ज्याला इथे बेट्रीब्सहाफ्टफ्लिश्ट म्हणतात, त्यात कामावरची माणसंही धरलेली असतात. म्हणजे आपण "जाऊ दे" म्हणतो तेव्हा वाचतो तो विमा कंपनीचा पैसा, आणि खिसा हलका होतो तो आपला.

खरं सांगायचं तर हे "जाऊ दे" नुसत्या दयेतून येत नाही, अनुभवातूनही येतं. पुण्यात सोसायटीचा रंग काढला की खाली उभ्या गाड्यांवर शिंतोडे उडणारच, आणि सेक्रेटरी म्हणणार, "रॉकेलच्या बोळ्याने पुसा, निघतंय." कॉन्ट्रॅक्टर बोट दाखवणार रंगाऱ्याकडे, रंगारी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच साइटवर. शेवटी उरतो आपलाच विमा. तो क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, जो वीस टक्क्यांपासून वाढत वाढत पन्नासपर्यंत नेलेला असतो. म्हणून माणूस कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातो, पदरचे पैसे देतो आणि विषय संपवतो. तिथे ते शहाणपण आहे. इथे मात्र व्यवस्था निराळी आहे. इथे मागणी करणं म्हणजे भांडण नव्हे. ते एक साधं पत्र असतं, आणि समोरच्या फर्मच्या ऑफिसातली बाई ते पत्र फाइलला लावून विमा कंपनीकडे पाठवते. रागावत नाही, लाजत नाही, आणि पुढच्या वेळी रंगारी पाठवायला नाहीही म्हणत नाही.

आपलं बॉबलिंगेन तर गाड्यांच्याच जिवावर जगणारं गाव. (खरा उच्चार ओठांचा चंबू करून करायचा असतो, तो देवनागरीत मावत नाही.) शेजारच्या सिंडेलफिंगेनला डाइमलरचा कारखाना १९१५पासून आहे. ह्यूलेट-पॅकार्डने अमेरिकेबाहेरचा पहिला कारखाना १९५९ साली इथेच घातला, पण त्या कारखान्यात जाणारा माणूससुद्धा 'बे-बे' पाटीच्या गाडीतूनच जाणार. अशा गावात गाडीवरचा ओरखडा हा गंभीर विषय असतो, आणि त्याचं मोजमाप करणाऱ्या माणसांची चणचण नसते.

आता मुद्द्यावर येऊ. मी वकील नाही, इंजिनिअर आहे, तेव्हा मोठी रक्कम असेल तर वकिलाला विचाराच. पण पहिला प्रश्न कुणालाही स्वतःला विचारता येतो: हा माणूस बोलावला कुणी?

सिंडेलफिंगेनच्या गृहस्थांनी रंगाऱ्याच्या फर्मशी स्वतः करार केला होता. त्यांची बाजू सगळ्यात भक्कम. जर्मन नागरी कायदा, म्हणजे १ जानेवारी १९०० रोजी लागू झालेला बेगेबे, त्याच्या कलम २७८ प्रमाणे कामगाराची चूक ही फर्मचीच चूक धरली जाते. "तो माणूस नवा होता, आम्हाला काय माहीत" हे उत्तर चालत नाही. आणि कलम २८० प्रमाणे आमचा दोष नव्हता हे दाखवून देण्याचं ओझंही फर्मवरच. गृहस्थांना विचारलं, "बिल दिलंत का?" म्हणाले, "अजून नाही." मग तर उत्तमच. आपला दावा आणि त्यांचं बिल यांची वजाबाकी कायद्याने करता येते. फक्त सगळं बिल अडवून बसायचं नाही. नुकसानीपुरती रक्कम लेखी कळवून बाजूला ठेवायची आणि उरलेले पैसे वेळेवर द्यायचे. दहा हजारांच्या कामासाठी आठशेचा पोचा दाखवून दहाही हजार अडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात आपलीच पत जाते आणि थकबाकीवर व्याज चढतं ते वेगळं.

घरमालकाने किंवा हाउसफेरवाल्टुंगने माणूस बोलावला असेल, तर आपण त्या करारात नसतो. तिथे कलम ८२३ लागतं: दुसऱ्याच्या वस्तूचं निष्काळजीपणे नुकसान करणाऱ्याने भरपाई करायची. फर्म त्या माणसासाठी कलम ८३१ खाली जबाबदार असते, पण "आम्ही माणूस नीट पारखून घेतला होता, त्याच्यावर देखरेखही ठेवली होती" असं सिद्ध करून तिला त्यातून निसटता येतं. व्यवहारात विमा असला की फर्म असल्या पळवाटा फारशा शोधत नाही. तरी भाडेकरूने फर्मला पत्र लिहिताना एक प्रत घरमालकालाही पाठवावी. घरमालकाने कामाला लावलेल्या माणसाने भाडेकरूच्या वस्तूंची काळजी घेणं हे भाडेकराराच्या पोटातच येतं, त्यामुळे तीही वाट उघडी राहते.

अशाच एका प्रकरणाची हकीकत सांगतो, कारण त्यात इंजिनिअरिंगचा थोडा उपयोग झाला. आमच्या बिल्डिंगच्या बाल्कन्यांचे जुने लोखंडी कठडे बदलायचं काम निघालं होतं. हाउसफेरवाल्टुंगने एक फर्म नेमली होती. मंगळवारी दिवसभर वर फ्लेक्स चालू. फ्लेक्स म्हणजे आपला ग्राइंडर. मूळचं कंपनीचं नाव, पण जर्मनीत आता कुठल्याही कंपनीचा ग्राइंडर असला तरी तो फ्लेक्सच, आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा तसं. ती कंपनीही आपल्या शेजारचीच, १९२२ साली श्टुटगार्टच्या बाड कानश्टाटमध्ये सुरू झालेली. असो. खालच्या आवारात गाड्या उभ्या होत्या. त्या हलवा अशी सूचना कुणी लावली नव्हती, आणि गाड्यांवर ताडपत्री घालावी असं फर्मलाही वाटलं नाही. मी ऑफिसला एस-बानने जातो, त्यामुळे गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती. गुरुवारी पाऊस झाला. शुक्रवारी सकाळी आमच्या सौ. खालून ओरडल्या, "अहो, गाडीला देवी आल्यात!"

बघतो तर पांढऱ्या बॉनेटवर आणि टपावर शेकडो तांबूस ठिपके. पुढच्या काचेवरून हात फिरवला तर सँडपेपरसारखी खरखरीत.

ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे जळते कण. काचेवर पडताना ते इतके तापलेले असतात की पृष्ठभागात वितळून बसतात. काच पुसून किंवा घासून ते निघत नाहीत. रंगाचं गणित वेगळं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. सर्वात वरचा पारदर्शक क्लिअर कोट त्यातला जेमतेम चाळीस, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. कण वरवर चिकटला असेल तर खास मातीच्या गोळ्याने ओढून काढता येतो आणि पॉलिश पुरतं. क्लिअर कोट जाळून खाली गेला असेल तर तिथे गंज धरतो, आणि मग तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नाही. पहिल्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही. ओल लागली की ठिपके फुलतात. म्हणूनच "काम झालं तेव्हा तर गाडी ठीक होती" या वाक्याला ठिणग्यांच्या बाबतीत काडीचा अर्थ नाही.

फर्मचे मालक आले, बघितलं आणि म्हणाले, "हा रेल्वेचा गंज आहे. स्टेशन जवळ आहे ना, हवेतून येतो." तसं ते अगदीच खोटं नव्हे. रूळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाची धूळ बसतेच. मी काही वाद घातला नाही. वायपरचं पातं उचलून दाखवलं. त्या पात्याखालच्या पट्टीत एकही ठिपका नव्हता. पातं बसतं तेवढी लांब, स्वच्छ पट्टी. महिनोन्‌महिने हवेतून धूळ पडत असती, तर वायपर इतक्यांदा फिरून गेल्यावर अशी रेघ उरली नसती. ही रेघ म्हणजे गाडी उभी असताना एकाच वेळी वरून काहीतरी पडल्याची सही होती. शिवाय बाल्कनीकडच्या बाजूला ठिपके दाट, पलीकडे विरळ, आणि समोरच्या रांगेतल्या गाड्यांवर नाहीतच. मालक दोन मिनिटं वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "लिहून पाठवा." स्वाबियन माणूस फार बोलत नाही, पण पुरावा दिसला की मान्य करतो, हा माझा बरेच वेळचा अनुभव आहे.

पुढे पत्र, मग विमा कंपनीचं उत्तर, मग आमचा गुटआख्टर, म्हणजे स्वतंत्र तज्ज्ञ. त्याने त्या वायपरखालच्या पट्टीचा फोटो अहवालात पहिल्या पानावर घातला. त्याच्या मते काच बदलायची, बॉनेट रंगवायचं आणि टप मातीने साफ करून पॉलिश करायचा. मला टपाचीही धास्ती होती, पण त्याने भिंगातून दाखवलं की तिथले कण वरच बसले होते. विमा कंपनीने काचेच्या रकमेतून "जुन्याच्या जागी नवी" म्हणून काही कापायचा प्रयत्न केला. जुन्या काचेवर खड्यांचे बारीक टोचे होते, तेव्हा तो प्रयत्न अगदीच निराधार नव्हता. दोन पत्रं झाली, थोडं त्यांनी सोडलं, थोडं मी. सगळं मिळून चार महिने लागले. आणि ठिणग्या उडवणारा तो तरुण? पुढच्या महिन्यात उरलेले कठडे बसवायला तोच आला होता. या वेळी ताडपत्री घेऊन.

तज्ज्ञाबद्दल थोडं सविस्तर. समोरचा जबाबदार असताना तज्ज्ञ निवडायचा हक्क आपला असतो आणि त्याची फी हा नुकसानीचाच भाग धरला जातो. पण किरकोळ नुकसानीला नाही. साधारण साडेसातशे युरोंच्या आत काम असेल तर गॅरेजकडून कोस्टनफोरआनश्लाग, म्हणजे खर्चाचा अंदाज, घ्यावा आणि फोटो जोडावेत. त्याखाली तज्ज्ञ नेमला तर त्याची फी आपल्याच गळ्यात पडू शकते. त्याआधी, अगदी पहिल्या दहा मिनिटांत करायचं काम म्हणजे फोटो. एक लांबून, ज्यात गाडी, शिडी आणि फर्मची व्हॅन एकत्र दिसेल. एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. आणि त्या माणसाकडून कागदावर दोन ओळी: तारीख, वेळ, काय झालं. "माझी चूक झाली" असं लिहून मागू नका, तो बिथरेल. नुसतं "शिडी गाडीवर पडली" एवढं पुरे. पूर्वी पॉलिसीत अशी अट असायची की विमा कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली तर विमा मिळणार नाही. २००८ साली विमा कराराचा नवा कायदा आला, त्यात असली अट रद्दबातल ठरवली. पण जुन्या माणसांच्या डोक्यातून ती अजून गेलेली नाही, म्हणून कबुलीचा आग्रह नको.

पैसे घ्यायचे की गाडी दुरुस्त करायची, हाही प्रश्न बरेच जण विचारतात. इथे दोन्ही चालतं. अंदाजानुसार पैसे घ्या आणि पोचा तसाच राहू द्या, कुणी विचारणार नाही. फक्त १ ऑगस्ट २००२पासून नियम असा आहे की विक्रीकर प्रत्यक्ष भरला असेल तरच मिळतो. समजा काम १००० युरोंचं, त्यावर १९ टक्के म्हणजे १९० कर. दुरुस्ती केली, बिल दाखवलं, तर ११९० मिळतील. नुसते पैसे हवे असतील तर १०००. दुरुस्तीचा दर कुठल्या गॅरेजचा धरायचा यावर विमा कंपन्या फार घासाघीस करतात. कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयाने २९ एप्रिल २००३च्या निकालात, जो पोर्शचा निकाल म्हणून ओळखला जातो, अधिकृत गॅरेजचा दर धरू दिला. २० ऑक्टोबर २००९च्या फोल्क्सवागेनच्या निकालात त्याला मुरड घातली. गाडी तीन वर्षांहून जुनी असेल आणि तिची देखभाल अधिकृत गॅरेजमध्ये होत नसेल, तर तितक्याच दर्जाच्या स्वस्त गॅरेजकडे बोट दाखवायला विमा कंपनी मोकळी. तेव्हा सर्व्हिसची बिलं जपून ठेवा. गाडी लीजवर किंवा कंपनीची असेल, तर यातलं काहीच परस्पर ठरवू नका. मालक तुम्ही नाही, आधी लीजवाल्यांना कळवा.

एक गमतीदार भानगड व्हॅनची. रंगाऱ्याने शिडी व्हॅनवरून उतरवताना गाडीला लावली, तर विमा कुठला? व्हॅनचा की धंद्याचा? धंद्याच्या विम्यात एक कलम असतं, त्याला इथले लोक पेट्रोलचं कलम म्हणतात. वाहनाच्या वापरातून झालेलं नुकसान त्या विम्यात धरत नाहीत, आणि सामान चढवणं-उतरवणं हाही वापरच. मग एक कंपनी म्हणते त्यांच्याकडे जा, दुसरी म्हणते यांच्याकडे जा. त्या टेबल टेनिसमध्ये आपण चेंडू व्हायचं नाही. आपला देणेकरी ती फर्म. पत्र फर्मलाच लिहायचं, मुदत घालायची, आणि कुठल्या कंपनीने द्यायचं ते त्यांनी आपसात ठरवावं. वाहनाचा विमा असेल तर थेट विमा कंपनीवरही हक्क सांगता येतो. धंद्याच्या विम्यात तो हक्क सहसा नसतो. आणि व्हॅननेच ठोकून, काचेवर चिठ्ठी ठेवून कुणी निघून गेला, तर लक्षात ठेवा: चिठ्ठी पुरत नाही. वाट न पाहता, पोलिसांना न कळवता निघून जाणं हा दंड संहितेच्या कलम १४२ खाली गुन्हा आहे. हे आपल्यालाही लागू आहे बरं का.

हेरेनबेर्गच्या ताईंसाठी तर कार्ल्सरूहचा एक निकाल जणू मापूनच शिवलेला आहे. ४ जुलै २०१३चा. ब्रांडेनबुर्ग राज्यात सरकारी रस्ते खात्याची माणसं हातातल्या यंत्राने रस्त्याकडेचं गवत कापत होती. खडे उडून एका गाडीचं नुकसान झालं. रक्कम हजार युरोंच्याही आत. राज्य सरकारचं म्हणणं, प्रत्येक ठिकाणी आडोसा कसा उभारायचा? न्यायालय म्हणालं, चाकांवर सरकवता येईल असा ताडपत्रीचा पडदा लावणं काही जगावेगळी गोष्ट नव्हे, आणि राज्याला जबाबदार धरलं. हजारापेक्षा कमी रकमेचं प्रकरण देशाच्या सर्वोच्च नागरी न्यायालयापर्यंत गेलं. ताई म्हणाल्या, "मला एवढं नको हो, काच बसली की झालं." मग त्यासाठी टाइलकास्को पुरे. फुटलेल्या काचेचे पैसे त्यातून मिळतात आणि हप्त्याचा वर्ग खाली घसरत नाही. स्वतःचे द्यावे लागणारे शे-दीडशे युरो तेवढे गवतवाल्याच्या फर्मकडे मागायचे. फोलकास्कोचं मात्र तसं नाही. ती वापरली की वर्ग घसरतो, आपल्या नो क्लेम बोनससारखाच. समोरचा जबाबदार असताना तिला हात न लावलेला बरा. लावावाच लागला, तर वाढलेल्या हप्त्याची भरपाईही मागता येते.

आता तिसरा पोचा, मित्रांचा. हा सगळ्यात नाजूक. फुकट मदत करणाऱ्या मित्राकडून भरपाई मागायची नाही असं दोघांनी मनोमन धरलेलं असतं, अशी भूमिका जर्मन न्यायालयं पुष्कळदा घेतात. पण २६ एप्रिल २०१६ रोजी संघीय न्यायालयाने एका शेजाऱ्याच्या बागेला पाणी घालणाऱ्या माणसाच्या खटल्यात सांगितलं की मदत करणाऱ्याचा जबाबदारीचा विमा असेल तर तसं सहजासहजी गृहीत धरता येणार नाही. म्हणजे मित्राच्या खाजगी हाफ्टफ्लिश्टकडे जायला हरकत नाही. पुष्कळ नव्या पॉलिसींमध्ये अशा मदतीतल्या नुकसानीचं वेगळं कलमच असतं. तेव्हा मित्राला "पैसे दे" म्हणायचं नाही, "तुझी पॉलिसी काढून बघ" म्हणायचं. एवढ्यावर जी मैत्री तुटेल ती वॉशिंग मशीनच्या आधीच तुटली होती.

स्वस्तातला, ओळखीचा, बिल न देणारा माणूस या सगळ्यातून वेगळा काढायला हवा. आपल्यात हा मोह आहे, नाही म्हणू नका. बहुतेक कारागिरांना धंद्याचा विमा घेण्याची कायद्याने सक्ती नाही, पण जबाबदार फर्म तो घेतेच. बिनबिलाच्या माणसाकडे तो नसतो. १ ऑगस्ट २०१३ रोजी संघीय न्यायालयाने असंही ठरवलं की कर चुकवून बिनबिलाचं करून घेतलेलं काम बिघडलं तर कारागिराला धरता येत नाही, कारण तो करारच रद्द. गाडीवर शिडी पाडल्याबद्दल कलम ८२३ खाली त्याला धरता येईल, पण धरून मिळणार काय? इथे मात्र "बिचाऱ्याच्या पोटावर पाय" खरोखर पडतो, कारण मध्ये कुणीच नसतं. नोंदणी असलेला, पण एकटाच धंदा करणारा कारागीर असेल तर त्यालाही विम्यातला पहिला हिस्सा स्वतः भरावा लागतो. तिथे लहानसा ओरखडा असेल तर त्याच्याशीच सरळ बोलावं, गॅरेजच्या बिलाचे पैसे त्याने द्यावेत आणि प्रकरण मिटवावं, हे माझं मत. काम द्यायच्या आधी "तुमचा विमा कुठल्या कंपनीचा?" असं विचारायला संकोचू नका. २०१० सालापासून सेवा देणाऱ्यांच्या माहितीबद्दलचा जो नियम आहे, त्याप्रमाणे असा विमा असेल तर कंपनीचं नाव-पत्ता ग्राहकाला द्यावाच लागतो.

फर्मने उत्तरच दिलं नाही तर? तुम्ही स्वतः ग्राहक असाल तर श्टुटगार्ट विभागाच्या कारागीर मंडळाकडे, म्हणजे हांडवेर्क्सकामरकडे, समेटाची सोय आहे. घरमालकाने बोलावलेल्या माणसाबाबत ती वाट आपल्याला नाही. लहान रकमेचा दावा बॉबलिंगेनच्याच आम्ट्सगेरिश्टमध्ये वकिलाशिवायही लावता येतो. घाई नसते, पण झोपही काढू नका. मुदत तीन वर्षांची, आणि ती वर्षाच्या शेवटापासून मोजतात. मे २०२४मध्ये पोचा पडला असेल तर ३१ डिसेंबर २०२७पर्यंत. आणि विमा कंपनीने चेकबरोबर "यापुढे कसलीही मागणी नाही" असा कागद पाठवला, तर गंजाचे ठिपके सगळे वर आलेत का ते बघूनच सही करा.

डिसेंबरात बरीच मंडळी चार-पाच आठवडे भारतात जातात आणि गाडी रस्त्यावर उभी असते. मध्येच कुणाचं घर हलतं, कुठे परांची उभी राहते आणि तात्पुरती नो पार्किंगची पाटी लागते. "मी तर पुण्यात होतो" हे कारण चालत नाही. ड्युसेलडॉर्फच्या अशाच सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या प्रकरणात संघीय प्रशासकीय न्यायालयाने २४ मे २०१८ रोजी निकाल दिला: पाटी लावल्यावर मध्ये तीन पूर्ण दिवस गेले की चौथ्या दिवशी गाडी उचलण्याचा खर्च मालकाचा. बिल्डिंगमध्ये गाड्या हलवा अशी नोटीस लागलेली असताना गाडी तिथेच राहिली आणि वरून काही पडलं, तर भरपाईतूनही आपला वाटा कापला जाऊ शकतो. म्हणून किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा, आणि नोटीस लागली तर गाडी हलवा असं सांगून जा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी दर वर्षी हे काम आनंदाने करतात. मोबदला चितळ्यांची बाकरवडी, दोन पुडे.

पुढच्या अंकात ट्युफच्या तपासणीला जाण्यापूर्वी घरच्या घरी काय काय बघून घ्यावं ते पाहू. फोन जरूर करा, फक्त रविवारी दुपारी एक ते तीन सोडून.